उंच डोंगरावरील रानवनस्पतीच्या समूहांतील जनुकीय विविधता कशी अभ्यासावी

वृक्षरेषेच्या वर, जिथे वर्षातले बरेच महिने जमीन बर्फाखाली असते आणि पान फुटण्यापासून बी पिकेपर्यंतचे सगळे काम दोन-तीन महिन्यांत उरकावे लागते, तिथे एकाच प्रजातीची रोपे एका कड्यावर शंभर, पलीकडच्या खळग्यात वीस, पुढच्या शिखरावर हजार अशी तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असतात. अशा प्रत्येक तुकड्याला अभ्यासक पॉप्युलेशन म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘समूह’ हा शब्द वापरला आहे. प्रत्येक समूहात किती जनुकीय विविधता आहे, समूह एकमेकांपासून किती वेगळे झाले आहेत आणि ते वेगळेपण कशामुळे आले, हे शोधण्याची रीत पहिल्यांदाच असे काम हाती घेणाऱ्याला कळावी, एवढाच इथे हेतू आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या कामातल्या मोठ्या चुका प्रयोगशाळेत होत नाहीत. त्या उतारावर, पाने गोळा करताना होतात, आणि तिथे झालेली चूक पुढे कितीही महाग यंत्राला किंवा कितीही नव्या सॉफ्टवेअरला दुरुस्त करता येत नाही. म्हणून लेखाचा मोठा भाग मुद्दामच डोंगरावरच्या कामाला दिला आहे.

प्रश्न आधी, जागा नंतर

‘या वनस्पतीची जनुकीय विविधता पाहायची आहे’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याच्यावरूनच कुठून आणि किती पाने घ्यायची हे ठरवता यावे. उंचीचा परिणाम तपासायचा असेल, तर एकाच डोंगराच्या एकाच उतारावर खालपासून वरपर्यंत पाच ठिकाणी नमुने घेणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत फसवी योजना आहे, कारण त्या उतारावर उंचीतला फरक आणि जागांमधले अंतर एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. वरचा आणि खालचा समूह वेगळा निघाला तर तो उंचीमुळे की केवळ लांब असल्यामुळे, हे कधीच सांगता येत नाही. त्याऐवजी पाच-सहा वेगवेगळे डोंगर निवडून प्रत्येकावर एक उंचावरचा आणि एक खालचा समूह घ्यावा. उंचीचा परिणाम खरा असेल, तर वेगवेगळ्या डोंगरांवर तो त्याच दिशेने पुन्हा दिसेल.

हिमयुगानंतर ही वनस्पती कुठून कुठे पसरली, असा इतिहासाचा प्रश्न असेल, तर प्रजातीच्या संपूर्ण क्षेत्रातून पुष्कळ ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणची थोडीच रोपे घेतलेली चालतात. संवर्धनाचा प्रश्न असेल, म्हणजे लहान आणि एकाकी समूह धोक्यात आहेत का हे पाहायचे असेल, तर नेमके तेच लहान समूह, पोचायला अवघड असले तरी, यादीत असायला हवेत आणि तुलनेसाठी काही मोठे समूहही हवेत. सोयीच्या वाटेवर सापडले तेवढे समूह घेऊन नंतर प्रश्न शोधत बसू नये.

वनस्पतीचा स्वभाव ओळखावा

परवान्यांचे अर्ज करण्याआधीच चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात: गुणसूत्रांची संख्या, परागण कसे होते, बी कसे पसरते आणि रोप मुळांवाटे किंवा खोडावाटे स्वतःच्याच प्रती काढते का.

गुणसूत्रांचा मुद्दा उंच डोंगरांवर फार महत्त्वाचा ठरतो, कारण तिथल्या अनेक प्रजातींमध्ये गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट झालेले असतात, आणि कधीकधी एकाच प्रजातीत दोन्ही प्रकार आढळतात. सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया या जांभळ्या फुलांच्या वनस्पतीत 26 गुणसूत्रांची द्विगुणित (दोन संचांची) आणि 52 गुणसूत्रांची चतुर्गुणित (चार संचांची) रोपे सापडतात. हे न तपासता सगळी रोपे द्विगुणित समजून गणित केले, तर आलेला प्रत्येक आकडा चुकीचा असतो. पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने प्रत्येक समूहातील पाच-सहा रोपे तपासून घेतली की ही शंका मिटते.

परागणाचेही तसेच आहे. अराबिस अल्पिना या मोहरीच्या कुळातील वनस्पतीचे इटली-ग्रीसमधील काही समूह स्वतःच्या परागकणांना नकार देतात, तर आल्प्समधील बरेच समूह स्वपरागणावर चालतात. प्रजाती एकच, पण विविधतेची रचना दोन्हीकडे अगदी वेगळी. म्हणून पुस्तकात ‘परपरागण होते’ असे वाचले तरी आपल्या समूहांत काही फुलांवर जाळीची पिशवी बांधून बी धरते का, हे पाहून घ्यावे.

क्लोनचा मुद्दा मात्र सर्वांत जास्त गाफील ठेवतो. आल्प्समधील केरेक्स कर्व्हुला या लव्हाळ्याच्या जातीत सात हजारांहून अधिक फुटव्यांचा एक सलग पुंजका डीएनएवरून एकाच रोपाचा असल्याचे 1996 साली दाखवले गेले आणि त्याचे वय सुमारे 2,000 वर्षे असावे असा अंदाज मांडला गेला. अशा पुंजक्यातून कोणी तीस पाने घेतली, तर त्याच्याकडे तीस नमुने नसून एकाच नमुन्याच्या तीस प्रती असतील.

समूहाची सीमा: अंतर आणि बर्फ

सपाट प्रदेशात दोन समूह वेगळे मानायला बहुधा त्यांच्यातले अंतर पुरते. उंच डोंगरावर ते पुरत नाही. वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या धारेवर फुले आली असताना तिथून पन्नास-शंभर मीटरवरच्या खळग्यात अजून बर्फ साचलेला असतो, आणि तिथली फुले उमलेपर्यंत धारेवर बी धरलेले असते. फुलण्याच्या काळात काही आठवड्यांचा फरक असला की त्या दोन जागांमध्ये परागकणांची देवाणघेवाण जवळजवळ थांबते, मग भुंगे कितीही उडोत. उलट दोन वेगळ्या शिखरांच्या उघड्या धारांवरची रोपे एकाच वेळी फुलत असतील, तर त्यांच्यात देवाणघेवाण होण्याची निदान शक्यता तरी उरते.

म्हणून नमुने घेण्याच्या आधीच्या हंगामात किंवा त्याच हंगामाच्या सुरुवातीला एक फेरी केवळ बर्फ पाहण्यासाठी करावी. कुठला भाग आधी मोकळा झाला, कुठला शेवटी, हे नकाशावर नोंदवावे. शक्य असेल तर छोटे तापमापक नोंदयंत्र मातीत बोटभर खोल पुरून ठेवावे, कारण बर्फाखाली मातीचे तापमान शून्य अंशाच्या आसपास स्थिर राहते आणि बर्फ गेल्याच्या दिवसापासून ते दिवसरात्र वरखाली होऊ लागते, त्यामुळे नेमकी तारीख हाती लागते. पुढे विश्लेषणात उंची आणि अंतर यांच्या जोडीला ही तारीख घातली, तर न उलगडणाऱ्या गोष्टी अनेकदा तिच्यामुळे उलगडतात. ही जास्तीची फेरी कष्टाची असते आणि सर्वांत आधी तीच गाळण्याचा मोह होतो. माझ्या मते ती गाळून आणखी दोन समूह मिळवण्यापेक्षा दोन समूह कमी करून ती करावी.

किती रोपे घ्यावीत

एका समूहातून तीस रोपे घ्यावीत, असे सगळीकडे सांगितले जाते. तो आकडा कुठून येतो, हे समजून घेतले तर तो केव्हा बदलायचा हेही समजते. एखादा अलील, म्हणजे जनुकाचा एक पर्याय, समूहात पाच टक्के प्रमाणात आहे असे समजू. द्विगुणित रोपात प्रत्येक जागी दोन प्रती असतात, म्हणून तीस रोपांत साठ प्रती तपासल्या जातात. त्या साठांपैकी एकीतही तो अलील न सापडण्याची शक्यता 0.95 चा साठावा घात, म्हणजे सुमारे 4.6 टक्के येते. थोडक्यात, पाच टक्के प्रमाणातला अलील तीस रोपांत किमान एकदा दिसेल, असे सुमारे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. चतुर्गुणित रोपात प्रती चार असतात आणि स्वपरागण करणाऱ्या रोपात दोन्ही प्रती बहुधा सारख्याच असतात, त्यामुळे हा हिशेब दोन्हीकडे बदलतो. सूक्ष्म-उपग्रह मार्करांऐवजी (मार्कर म्हणजे तुलनेसाठी वाचायची डीएनएवरची स्थाने, त्यांचे प्रकार पुढे येतील) हजारो स्थाने वाचणारी पद्धत वापरणार असाल, तर समूहांमधला फरक मोजायला दहा-बारा रोपेही पुरतात, कारण रोपांची कमतरता स्थानांची संख्या काही अंशी भरून काढते. पण दुर्मीळ अलील शोधण्यासाठी ती पुरत नाहीत.

वीस-तीस रोपे एवढाच समूह असेल, तर सगळ्या रोपांची पाने घ्यावीत. मोठ्या समूहात डोळ्यांना ठसठशीत दिसणारी, मोठी, फुललेली रोपे निवडण्याकडे हात आपोआप वळतो. हा कल टाळण्यासाठी आधी एक रेष आखून तिच्यावर ठरावीक अंतराने जे रोप सर्वांत जवळ असेल तेच घ्यावे. क्लोन करणाऱ्या प्रजातीत दोन रोपांत किती अंतर ठेवायचे, हे आधी एका समूहात लहान चाचणी करून ठरवावे: एका मीटरवर, तीन मीटरवर, दहा मीटरवर पाने घ्यावीत आणि कुठे सारखेच जनुकीय ठसे मिळणे थांबते ते पाहावे.

पान घेताना

सायलिनी अकॉलिससारखी वनस्पती समोर असेल, तर गुडघे टेकून अगदी जवळून पाहावे लागते. ती जमिनीला चिकटलेल्या गच्च हिरव्या उशीसारखी असते, एकेक पान सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान, आणि त्या उशीच्या आत, वाऱ्यापासून मिळालेल्या आडोशात, दुसऱ्याच प्रजातींची रोपे, शेवाळ आणि गवताची पाती उगवलेली असतात. चिमट्याने आठ-दहा कोंब घेताना त्यात गवताचे एक पाते गेले, तरी त्या नमुन्याचा निकाल दोन वनस्पतींची खिचडी होतो. दोन उश्या एकमेकींना भिडून एकच झाल्यासारख्या वाटतात, म्हणून सगळे कोंब उशीच्या एकाच टोकाकडून, बोटभर जागेतूनच घ्यावेत. रोप मादी आहे की द्विलिंगी, हेही लिहून ठेवावे, कारण या प्रजातीत दोन्ही प्रकारची रोपे असतात. चिमटा प्रत्येक रोपानंतर स्पिरिटने पुसावा. लहान रोपाच्या एकूण पानांपैकी दहाव्या भागापेक्षा जास्त घेऊ नये. इतक्या थोड्या दिवसांत वाढणाऱ्या रोपाला प्रत्येक पान मोलाचे असते.

पाने लगेच कागदी पाकिटात घालून सिलिका जेलमध्ये ठेवावीत. जेलचे वजन पानांच्या किमान दहापट हवे आणि दिवसभरात पान बोटांत धरल्यावर चुरचुर मोडले पाहिजे. दुसऱ्या दिवशीही ते मऊच असेल तर आतला डीएनए तुटू लागला आहे असे समजावे आणि जेल बदलावे. रंग बदलणारे जेल वापरल्यास ते ओले झाल्याचे लगेच कळते. नारिंगी जेल हिरवे होते. जाड, पाणीदार पाने आडवी कापून घालावीत, नाहीतर ती आतून सुकत नाहीत.

पाकिटावर पेन्सिलनेच लिहावे. माझी स्वतःची दोन दिवसांची मेहनत एकदा शाईच्या पेनामुळे वाया गेली: ओल्या हातमोज्यांनी हाताळलेल्या पाकिटांवरचे आकडे रात्री तंबूत पाहिले तेव्हा निळे डाग झाले होते, आणि त्या उतारावर पुन्हा जाईपर्यंत हंगाम संपला होता. तेव्हापासून पाकिटाच्या आतही पेन्सिलने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकतो. प्रत्येक रोपाचे स्थान जीपीएसवर, उंची, उताराची दिशा आणि फुलांची अवस्था यांची नोंद त्याच जागी करावी. शिवाय प्रत्येक समूहातील एक रोप दाबून, सुकवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवावे. पुढे कधी प्रजातीच्या ओळखीबद्दल वाद झाला, तर त्या सुकलेल्या रोपाशिवाय दुसरा पुरावा नसतो.

परवानगीचे काम सोपे समजू नये. जनुकीय संसाधने वापरण्याची आणि त्यांचे लाभ वाटण्याची चौकट घालणारा नागोया करार 2010 साली स्वीकारला गेला आणि 12 ऑक्टोबर 2014 पासून लागू आहे. त्यात सहभागी असलेल्या देशांतून पाने किंवा डीएनए बाहेर न्यायचा असेल, तर त्या देशाचे परवाने काय मागतात हे आधीच विचारावे. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स करारातही उंच हिमालयातील अनेक वनस्पती आहेत: कुठ परिशिष्ट 1 मध्ये, तर जटामांसी आणि कुटकी परिशिष्ट 2 मध्ये आहेत. अशा वनस्पतींचे वाळलेले पान पाकिटात घालून सीमा ओलांडणे हासुद्धा परवान्याचा विषय आहे.

डीएनए काढणे आणि मार्कर निवडणे

तीव्र ऊन आणि थंडी सोसणाऱ्या या वनस्पतींच्या पानांत फिनॉल वर्गातील संयुगे आणि शर्करा भरपूर असतात. पान वाटल्याबरोबर द्रावण तपकिरी होते, आणि तो तपकिरी रंग डीएनएला चिकटून पुढच्या अभिक्रिया बंद पाडतो. यावर सीटॅब या डिटर्जंटवर आधारलेली पद्धत अजूनही उत्तम आहे: दोन टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, 20 मिलिमोलर ईडीटीए आणि 100 मिलिमोलर ट्रिस असलेल्या, सामू 8 असलेल्या द्रावणात फिनॉल बांधून ठेवणारे पीव्हीपी एक ते दोन टक्के आणि अगदी थोडे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून ते 65 अंश सेल्सिअसला गरम करावे, पानाचे बारीक पीठ त्यात टाकून अर्धा ते एक तास ठेवावे, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल 24:1 प्रमाणात वापरून प्रथिने वेगळी करावीत आणि आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवावा. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्म दोन्ही विषारी आहेत. ते वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच हाताळावेत. शोषणमापनात 260 आणि 280 नॅनोमीटरचे गुणोत्तर 1.8 च्या आसपास हवे. 260 आणि 230 चे गुणोत्तर 2 पेक्षा बरेच खाली असेल तर शर्करा किंवा फिनॉल उरले आहे असे समजून पुन्हा धुवावे.

मार्करबाबत दोनच मुख्य वाटा आज विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली सूक्ष्म-उपग्रहांची, म्हणजे डीएनएच्या दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेल्या स्थानांची. दहा-पंधरा स्थाने, साधी उपकरणे आणि लहान समूहांतले क्लोन किंवा नातेसंबंध ओळखण्यासाठी ती फार चांगली. दुसरी वाट डीएनए कापणारी विकरे वापरून जीनोमचा ठरावीक अंशच वाचण्याची, जिला रॅड-सिक्वेन्सिंग म्हणतात. तिच्यासाठी आधी जीनोम माहीत असण्याची गरज नसते आणि हजारो एकाक्षरी फरक मिळतात. शक्य असेल तेव्हा मी दुसरी वाट निवडेन, पण बहुगुणित प्रजातीत नाही, कारण तिथे दोन वेगळ्या प्रतींमधले फरक एकाच स्थानाचे समजले जातात आणि सगळीच रोपे विषमयुग्मजी, म्हणजे त्या स्थानी दोन वेगळे अलील असलेली, आहेत असा भास होतो. कुठल्याही स्थानावर जवळपास प्रत्येक रोप विषमयुग्मजी दिसले, तर ते स्थान शंकास्पद मानून काढून टाकावे.

या दोन्हींच्या जोडीला हरितलवकाच्या डीएनएचे दोन-तीन भाग वाचावेत. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक मातेकडूनच येते, म्हणजे त्याचा प्रवास फक्त बियांबरोबर होतो. केंद्रकातील मार्करांत समूह सारखे आणि हरितलवकात वेगळे निघाले, तर परागकण लांब पोचतात पण बी जवळच पडते, असे अनुमान काढायला आधार मिळतो.

प्रयोगशाळेतील एक साधा नियम फार लोक विसरतात: एका समूहाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर, म्हणजे अनेक नमुने एकत्र चालवण्याच्या खाचांच्या तबकडीवर, ठेवू नयेत. त्या प्लेटमध्ये काही बिघडले, तर तो बिघाड समूहाचे वैशिष्ट्य म्हणून दिसतो. सगळ्या समूहांचे नमुने सगळ्या प्लेटवर मिसळावेत आणि एकूण नमुन्यांपैकी दहा टक्के दुसऱ्यांदा, डीएनए काढण्यापासून, करावेत, म्हणजे चुकीचे प्रमाण आकड्यात सांगता येते.

शिखरे वाचणे

सूक्ष्म-उपग्रह वापरले असतील, तर पडद्यावर रंगीत शिखरांचा आलेख येतो, त्यातले प्रत्येक शिखर एका ठरावीक लांबीच्या डीएनए तुकड्याचे असते, आणि इथे सॉफ्टवेअरवर विश्वास टाकू नये. दोन अक्षरांच्या पुनरावृत्तीत 184 अक्षरे लांबीच्या खऱ्या शिखराआधी 182 वर एक लहान आणि 180 वर त्याहून लहान शिखर येते. ही नक्कल करणाऱ्या विकराच्या घसरण्याने पडलेली सावली असते. रोप समयुग्मजी, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेले, असेल, तर 182 चे शिखर 184 च्या शिखरापेक्षा स्पष्ट बुटके असते. 182 चे शिखर 184 इतके किंवा त्याहून उंच असेल, तर रोपात 182 आणि 184 हे दोन्ही अलील आहेत, कारण खऱ्या शिखरात सावलीची भर पडलेली असते. दोन व्यक्तींनी एकमेकांचे न पाहता हे वाचन करावे आणि जिथे मतभेद होईल तिथे नमुना पुन्हा चालवावा.

आकडे कोणत्या क्रमाने काढावेत

सर्वांत आधी सारखे जनुकीय ठसे शोधून क्लोन वेगळे करावेत आणि प्रत्येक क्लोनचा एकच नमुना ठेवावा. त्यानंतर प्रत्येक स्थान आणि प्रत्येक समूह हार्डी-वाइनबर्ग संतुलनात आहे का, म्हणजे कोणाचाही कोणाशीही संकर होत असता तर जेवढी विषमयुग्मजी रोपे अपेक्षित असती तेवढीच आहेत का, ते पाहावे. इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा: विषमयुग्मजी रोपांची कमतरता एखाद-दुसऱ्याच स्थानावर असेल, तर तिथे बहुधा न दिसणारे, म्हणजे नल अलील आहेत, कमतरता सगळ्याच स्थानांवर असेल, तर स्वपरागण किंवा जवळच्या नात्यातील संकर असावा, किंवा आपण दोन समूह एक समजून नमुने घेतले असावेत. ही शेवटची शक्यता आली की बर्फाच्या नोंदी पुन्हा उघडाव्यात.

विविधतेसाठी अपेक्षित विषमयुग्मजता, म्हणजे समूहातून सहज उचललेल्या दोन प्रती वेगळ्या निघण्याची शक्यता, आणि अलीलांची संख्या हे दोन आकडे लागतात. अलीलांची संख्या नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, त्यामुळे बारा रोपांच्या समूहाची तुलना तीस रोपांच्या समूहाशी थेट करता येत नाही. रेअरफॅक्शन करून सगळे समूह सर्वांत लहान नमुन्याच्या पातळीवर आणावेत.

समूहांमधील वेगळेपण एफएसटी या राशीने मोजतात. ती संकल्पना सीवॉल राइट या जनुकशास्त्रज्ञांची. एका उदाहरणावरून तिचा अर्थ लक्षात येईल. दोन समूह आहेत, एकात एका अलीलचे प्रमाण 0.8 आणि दुसऱ्यात 0.4. पहिल्यात अपेक्षित विषमयुग्मजता 2 × 0.8 × 0.2 म्हणजे 0.32, दुसऱ्यात 2 × 0.4 × 0.6 म्हणजे 0.48, आणि सरासरी 0.40. दोन्ही एकत्र केले तर अलीलचे प्रमाण 0.6 आणि विषमयुग्मजता 0.48. एकत्र केल्यावर जे 0.08 वाढले, त्याचा 0.48 शी भागाकार म्हणजे सुमारे 0.17: एकूण विविधतेपैकी सतरा टक्के समूहांच्या आत नसून समूहांच्या दरम्यान आहे. राइट यांच्या ढोबळ मापानुसार 0.15 ते 0.25 म्हणजे बरेच वेगळेपण. डोंगर, खोरे, समूह अशा पातळ्यांवर ही विविधता वाटून पाहण्यासाठी 1992 पासून वापरात असलेली आमोव्हा पद्धत घ्यावी.

समूहांची नैसर्गिक गटवारी पाहण्यासाठी मुख्य घटक विश्लेषण आणि 2000 साली आलेला स्ट्रक्चर हा प्रोग्राम दोन्ही वापरावेत. स्ट्रक्चरमध्ये गटांची प्रत्येक संख्या किमान दहा वेळा चालवावी. गटांची संख्या निवडण्यासाठी वापरला जाणारा डेल्टा-के निकष ‘गट एकच’ हे उत्तर देऊच शकत नाही आणि फार वेळा दोनवर थांबतो, हे ध्यानात ठेवावे. अंतराबरोबर वेगळेपण हळूहळू वाढत असेल, तर हा प्रोग्राम त्या सलग उताराचेही कृत्रिम गट पाडतो. म्हणून एफएसटीला एक वजा एफएसटीने भागून आलेला आकडा अंतराच्या लॉगरिदमसमोर मांडून पाहावा. अंतर मोजताना कावळ्याच्या उड्डाणाची सरळ रेष एवढीच न घेता, खोल खोरे टाळून धारेधारेने जाणारी वाटही मोजावी. उंचावरच्या वनस्पतीला खालचे उबदार खोरे ओलांडणे अनेकदा शिखरांच्या रांगेने सरकण्यापेक्षा अवघड असते.

निष्कर्ष काढताना हात आवरता घ्यावा

एफएसटीवरून दर पिढीला किती स्थलांतरित येतात, हे सांगणारे एक सोपे सूत्र पुस्तकांत असते. उंच डोंगरांच्या वनस्पतींसाठी ते वापरू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ते सूत्र समूह दीर्घकाळ समतोलात आहेत असे गृहीत धरते. शेवटचे हिमयुग संपून सुमारे 11,700 वर्षे झाली. एखाद्या दीर्घायुषी उशीवनस्पतीची एक पिढी पन्नास वर्षांची धरली, तर त्या काळात अडीचशे पिढ्याही होत नाहीत. आज दोन समूह सारखे दिसतात ते आज देवाणघेवाण चालू असल्यामुळे की ते नुकतेच एका पूर्वजसमूहातून फुटल्यामुळे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. त्याचप्रमाणे एफएसटी मोठा असला, तरी त्याचे कारण कधी समूहांच्या आतली विविधता आटणे एवढेच असते. म्हणून तो आकडा समूहाच्या अंतर्गत विविधतेशेजारीच छापावा.

उंची किंवा बर्फाच्या तारखेशी जोडलेली काही स्थाने इतरांपेक्षा फारच वेगळी निघाली, तर ती नैसर्गिक निवडीची खूण असू शकते. पण हजारो स्थाने तपासली की काही केवळ योगायोगानेही वेगळी निघतात. निवडीचा दावा करायचा असेल, तर रोपे लावून पाहण्याला पर्याय नाही. क्लाउसेन, केक आणि हिसी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात समुद्रसपाटीजवळ, सुमारे 1,400 मीटरवर आणि सुमारे 3,050 मीटरवर अशा तीन बागांत एकाच रोपाच्या प्रती लावून 1940 च्या दशकात हेच दाखवले. ड्रायस ऑक्टोपेटालाच्या अलास्कातील धारेवरच्या आणि बर्फखळग्यातल्या रोपांची अदलाबदल करून केलेल्या प्रयोगांत प्रत्येक प्रकार आपापल्या जागीच जास्त यशस्वी ठरला, आणि त्या दोन जागा एकाच उतारावर होत्या. असा प्रयोग करताना बाहेरची रोपे मूळ समूहात फुलू देऊ नयेत. कळ्या खुडाव्यात, आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येक आणलेले रोप मुळासकट काढून मोजून घ्यावे, कारण एक रोप मागे राहिले तरी आपण ज्याचा अभ्यास करत होतो तीच जनुकीय रचना आपल्याच हाताने बदललेली असते.